किल्ली

एक मेला निकाल वाटला,
संध्याकाळी झेंडा उतरवून घडी करून कपाटात ठेवला,
आन् फटफटीला किक मारता मारता गुरुजी म्हणाले,
"हौसाक्का, किल्ली तुमच्याकडं."
वर्षभर खिचडी ढवळणारी मी,
मे महिन्यात हेडमास्तर.

तशी शाळा कुठं बंद असती?
व्हरांड्यात खोतांच्या शेंगा वाळत्यात.
चौथीच्या वर्गात येजऱ्यांचं वऱ्हाड झोपून गेलं,
फळ्यावर हिशेब तसाच ठेवून:
आचारी, मांडव, बर्फ.
बर्फाचं पैसे अजून द्यायचं हाईत.
दुपारी मुल्लाण्यांची समीना खिडकीखाली बसती,
पेटीतलं एकेक पुस्तक काढती,
वाचून झालं की आत शेंगंचं टरफल ठेवती, खुणेला.

औंदा नव्या बाई गावाकडं गेल्या न्हाईत.
लांबच्या, परभणीच्या.
उन्हाळी वर्ग घेणार म्हणाल्या.
रंगीत कागद कातरलं, दोरीवर टांगलं.
पहिल्या दिवशी पोरं आली तीन,
त्यातलं एक शेळी हुडकत आलेलं.
मी म्हटलं, "पोरं हिरीवर असतील बाई,
बघून येतो."
बाई हसल्या. "'येते' म्हणा मावशी, 'येतो' काय?"
आमच्यात बायका येतोच म्हणत्यात,
आन् येतो म्हटलं की येत्यातच.

खोतांची हीर चौकोनी, दगडी,
पाणी पार तळाला, शेवाळागत हिरवं.
पाठीला पांगिऱ्याचं ओंडकं बांधून
पोरं बेडकागत पडत होती.
किस्नू जमादार शिकवतो, वीस वर्षं झाली.
फी एकच: तू शिकलास की आणि एकाला शिकीव.
बाई काठावर बसल्या, वही काढली,
पाण्यातली डोकी मोजली. सोळा.
परत मोजली. सतरा.
एक बुडी मारून होतं.
"जूनला वीस पाहिजेत मावशी,
नाहीतर खालच्या वाडीला जोडतील म्हणे शाळा."
मी काय बोलणार? माझं पातेलं चाळीस पोरांचं.

दुसऱ्या दिवसापासनं वर्ग हिरीवरच भरला.
एक ओळ, एक उडी.
दोनाला, पाचाला धडाधड पडत्यात,
सतराच्या पाढ्याला समदी काठावर उभी.
सतरा सत्ते, सतरा सत्ते...
कुणीतरी मागनं ढकललं.
एकशे एकोणीस पाण्यातनं वर आलं.

सांजचं तरुण मंडळाची पोरं भिंत रंगवायला यायची.
जिल्ह्याचा नकाशा काढला, झ्याक.
धरणं भरता भरता निळा रंग संपला,
मग आमची वेदगंगा
बेंदराच्या शिंगांना आणलेल्या हिंगुळात काढली.
बाई म्हणाल्या, चूक आहे.
जुलैत बघा म्हटलं, हीच बरोबर दिसती.

रात्री बॅटरी घेऊन आम्ही दोघी दारोदार.
पहिलीला कोण हाय का, पहिलीला?
धनगरवाड्यावर दोघं मिळाली.
त्यातल्या एकीनं आधीच ठरवून घेतलं,
बसणार ती चुलीजवळ.
शिंत्र्यांच्या दारात चहा मिळाला, पोरगं न्हाई.
"पिवळी बस दारात येती हो बाई."
चहात साखर जास्तच होती.

महिना सरताना बाईंनी पांगिरा बांधून घेतला.
पंजाबी ड्रेसवर. डोळं मिटून.
पायरी सोडंनात.
खालनं समद्या पोरांनी सतरापासनं उलटं मोजलं,
एकावर आलं तरी न्हाई,
मग शून्य म्हटलं समीनानं
आन् बाई गेल्या.
नाकातोंडात पाणी, केसांत शेवाळ,
पोरांनी हात धरून आणलं पायरीला.
तवापास्नं त्यांच्यापुढं कोण शेळीचं निमित्त सांगत न्हाई.

काल एस्टीत बसवून आलो.
दहा दिवस आईकडं जातो म्हणाल्या. जातो!
खिडकीतनं हात बाहेर काढून,
"हौसाक्का, येतो."
मी कनवटीची किल्ली हुडकत बसलो उगंच,
होती तिथंच होती.

पट एकोणीसवर अडकलाय.
शेळी हुडकणाऱ्या पोराला धाकटा भाऊ हाय,
पाचाचा का सहाचा, त्याच्या आईलाबी ठाऊक न्हाई.
उद्या सकाळी जातो,
दात पडलाय का बघून येतो.